हायड्रेशन सॅक कोणती घ्यावी? टेकडीवरचे ट्रेल आणि एकच बाटली मावणारी फ्रेम

टेकडीवाली:

मंडळी, सल्ला हवा आहे. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, मावळातले कच्चे रस्ते आणि अधूनमधून एखादा घाट अशा राइड असतात, साधारण तीन ते पाच तासांच्या. सायकल हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली), एस साइजची आहे, त्यामुळे फ्रेमच्या त्रिकोणात ६०० मिलीची एकच बाटली बसते. उतारावर खडी आणि मुरूम असल्यावर बाटलीला हात घालता येत नाही, मग पाणी प्यायचं राहून जातं. म्हणून पाठीवरची, नळीने पाणी पिता येईल अशी सॅक घ्यायची आहे.

उंची ५ फूट १ इंच, वजन ५४ किलो. बजेट ब्लॅडरसकट (सॅकच्या आतली पाण्याची मऊ पिशवी) पाच-सहा हजार. प्रश्न असे:

ब्लॅडर दीड लिटरचं, दोनचं की तीनचं? सॅक किती लिटरची? दुकानात ६ पासून १८ लिटरपर्यंत सगळं दिसतं. ओआरएस ब्लॅडरमध्ये टाकलं तर चालतं का? आणि पावसाळ्यात ब्लॅडरला बुरशी धरते म्हणतात, ते कितपत खरं?

घाटवळण:

आधी पाण्याचा हिशेब करा, सॅक नंतर बघू. बहुतेक लोक उलटं करतात: सॅक आवडते आणि तिच्यात आलेलं ब्लॅडर हीच आपली गरज ठरते.

घाम किती जातो हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. राइडच्या आधी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करा. नेहमीच्या उन्हात, नेहमीच्या जोरात एक तास सायकल चालवा, प्यालेलं पाणी मोजून ठेवा. परत येऊन अंग कोरडं करून पुन्हा वजन. समजा ३०० ग्रॅम घटलं आणि मधे ४५० मिली पाणी प्यायलात, तर घाम गेला ताशी ७५० मिली. हे मोजमाप एकदा हिवाळ्यात आणि एकदा एप्रिलमध्ये करा, आकडे वेगळे येतील.

आता गेलेला सगळा घाम राइडमध्येच भरून काढायची गरज नसते. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना चालून जाते. तुमच्या ५४ किलोला ती साधारण १ किलो, म्हणजे १ लिटर. चार तासांच्या राइडमध्ये ३ लिटर घाम गेला तर वाटेत किमान २ लिटर प्यायला हवं. २ लिटरचं ब्लॅडर आणि फ्रेमवरची ६०० मिलीची बाटली एवढ्यात ते भागतं आणि थोडं उरतं. पाच तासांना ओढाताण होईल, तिथे वाटेतल्या गावात एकदा भरून घ्यायचं. एप्रिल-मेमध्ये घाम ताशी लिटरवर गेला तर चार तासांनाच ३ लिटर लागतात. पण त्या दिवसांत सकाळी सहाला निघून साडेनऊला घरी येणं हा जास्त शहाणपणाचा उपाय आहे.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. घामापेक्षा जास्त नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं ही त्याची लक्षणं, आणि लोक त्यालाच पाणी कमी पडलं समजून आणखी पितात. राइडनंतर वजन वाढलेलं दिसलं तर समजा जास्त झालं.

ओआरएस ब्लॅडरमध्ये नको, बाटलीत. ब्लॅडरमध्ये फक्त पाणी. एक कारण बुरशीचं: साखर मिळाली की ती नळीत दोन दिवसांत घर करते. दुसरं कारण व्यवहाराचं: पडलात, खरचटलं, डोळ्यात माती गेली तर धुवायला साधं पाणी लागतं. शिवाय किती मीठ-साखर पोटात गेली हे बाटलीकडे पाहून कळतं, पाठीवरच्या पिशवीतलं कळत नाही.

प्रमाणाबाबत एक चूक फार दिसते. १ लिटरचं पाकीट ६०० मिलीच्या बाटलीत ओततात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. ते लिटरभर पाण्यासाठीच आहे, घट्ट केलं तर तहान वाढते आणि पोट बिघडतं. २०० मिलीची छोटी पाकिटं मिळतात, तशी तीन घातली की ६०० मिलीचं गणित नेमकं बसतं. आणि त्यातल्या ग्लुकोजवर राइड निघेल असं समजू नका. १३.५ ग्रॅम म्हणजे जेमतेम ५४ कॅलरी. खायला वेगळं हवंच. राजगिऱ्याची वडी, खजूर, केळं, जे पचतं ते.

पाठकणा:

वरच्या हिशेबाला धरून २ लिटरचं ब्लॅडर आणि ८ ते १० लिटरची सॅक. यात पंप, ट्यूब, टायर लिव्हर, मल्टीटूल, पातळ विंडचीटर, खाऊ आणि फोन आरामात बसतो. ६ लिटरची घेतली तर पावसाळ्यात जॅकेट काढून ठेवायला जागा उरत नाही. १५-१८ लिटरची घेतली तर ती भरली जाते. जागा दिसली की माणूस सामान टाकतोच. लेबलवरचा आकडा मात्र नीट वाचा. काही कंपन्या ब्लॅडरचा कप्पा धरून सांगतात, काही वगळून. धरून सांगितलेल्या ८ लिटरमध्ये २ लिटरचं ब्लॅडर भरलं की सामानाला सहाच उरतात.

पण तुमच्या उंचीला खरा प्रश्न लिटरचा नाहीच, पाठीच्या लांबीचा आहे. मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी जो मणका टोकदार लागतो तिथून मोजायला सुरुवात करा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणारी जी आडवी रेघ, तिथपर्यंतचं अंतर म्हणजे पाठीची लांबी. शिंप्याची टेप, मदतीला दुसरं माणूस, आणि पाठ थोडी वाकवलेली. पाच फूट एकच्या व्यक्तीची ही लांबी बहुधा ४० सेंटिमीटरच्या आगेमागे येते. सरसकट एका मापाच्या बऱ्याच सॅक यापेक्षा लांब पाठीसाठी बेतलेल्या असतात. लांब सॅक घातली की दोनपैकी एक होतं. एकतर कमरेचा पट्टा हाडांच्या खाली घसरून पोटाच्या खालच्या भागात रुततो आणि चढावर मांडी वर आली की टोचतो. नाहीतर पट्टा जागेवर ठेवला तर सॅकचा माथा मानेपाशी येतो, आणि उतारावर मान वर करून पुढे बघताना हेल्मेटची मागची कड त्यावर आपटते. हेल्मेट पुढे ढकललं जाऊन कपाळावर येतं. उतारावर ते धोक्याचं आहे, नुसतं गैरसोयीचं नाही.

खांद्याचे पट्टेही बघा. बायकांसाठीच्या मापात ते जवळजवळ लावलेले आणि एस आकाराचे असतात. छातीचा पट्टा वरखाली सरकणारा हवा, गळपट्टीच्या हाडांखाली चार-पाच बोटांवर बसला पाहिजे. छातीवरून आडवा जाणारा, न सरकणारा पट्टा असेल तर ती सॅक सोडून द्या, बाकी कितीही छान असो.

कमरेच्या पट्ट्याबद्दल एक गैरसमज आहे. ट्रेकच्या मोठ्या सॅकमध्ये तो वजन उचलतो. इथे तीन-चार किलोच्या सॅकमध्ये त्याचं काम फक्त सॅक डावीउजवीकडे हलू न देणं एवढंच. त्यामुळे जाड गादीचा पट्टा लागत नाही, सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीची साधी पट्टीही पुरते. पण ती असायला हवी. पट्टाच नसलेली स्वस्त सॅक रस्त्यावर चालेल, खडीवर ती पाठीवर नाचते.

पाठीला हवा लागावी म्हणून दोन पद्धती असतात. एकात ताणलेली जाळी आणि मधे पोकळी, दुसऱ्यात फोमचे उंचवटे आणि मधे खाचा. जाळीवाली थंड राहते हे खरं, पण वजन पाठीपासून काही सेंटिमीटर मागे जातं. सायकलवर तीव्र चढाला ते मागे ओढतं आणि उतारावर सॅक झुलते. तुमच्या राइड कच्च्या आहेत, म्हणून माझं मत फोमच्या खाचांना. मे महिन्यात दोन्हीत पाठ भिजतेच.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघणं निरुपयोगी आहे. पाण्याच्या दोन बाटल्या आणि थोडं सामान घालून तीन किलो करा, हेल्मेट सोबत न्या. सॅक घालून हँडल धरल्यासारखं वाका. मान वर करा, मागे वळून बघा, दोन-चार उड्या मारा. मग पाच मिनिटं तशीच अंगावर ठेवा. हाताची बोटं बधिर व्हायला लागली तर पट्टा खांद्याच्या पुढच्या बाजूला नसांवर दाबतोय. राइडमध्ये असं झालं की लोक ग्रिप आणि हातमोज्यांवर पैसे घालत बसतात.

नळीबाज:

सॅकवर बरंच झालं, आता ब्लॅडर. दुरुस्तीला येतं ते नव्वद टक्के वेळा सॅक नसून हेच.

तोंडाचे दोन प्रकार. एक फिरकीचं गोल झाकण, दुसरं वरची कड दुमडून त्यावर पट्टी सरकवायची. फिरकीचं नळाखाली धरून भरायला सोपं, पण आतला कोपरा कोरडा करायला हात नीट जात नाही. शिवाय आटे तिरके बसले की झाकण घट्ट लागल्यासारखं वाटतं आणि सॅक आडवी पडली की झिरपतं. लावताना आधी उलटं फिरवायचं, टक् असा आवाज येऊन झाकण आट्यात बसलं की मग सुलटं. सरकपट्टीवाल्याचं पूर्ण तोंड उघडतं, काही तर आतून बाहेर उलटता येतात. हायड्रापॅक कंपनीची बरीचशी तशी आहेत. पावसाळी हवेत हा गुण सगळ्यात मोठा. तोटा एवढाच की जेमतेम पाणी असलेल्या टाकीत बुडवून ते भरता येत नाही आणि पट्टी हरवली की ब्लॅडर बाद. पट्टी दोरीने बांधलेली असेल तेच घ्या.

दोन लिटर की तीन, यात रिकाम्या वजनाचा फरक थोड्या ग्रॅमचा. म्हणून कुणी सांगेल तीनचं घ्या आणि दोनच भरा. कल्पना वाईट नाही, अर्धवट भरलेलं मोठं ब्लॅडर चपटं बसतं. पण तुमची सॅक आखूड असणार, तिच्या कप्प्यात तीन लिटरचं लांब ब्लॅडर वरून दुमडतं आणि नळीचा सांधा तळाशी मुरगळतो. मग ओढूनही पाणी येत नाही. कप्प्याची आतली उंची मोजून मगच ब्लॅडर घ्या.

पाणी खळखळतं ती हवेमुळे. भरून, झाकण लावून ब्लॅडर उलटं धरा म्हणजे नळीचा सांधा वर येतो. नळीतून हवा ओढून घ्या, पाणी ओठाला लागलं की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण त्याने सॅकचं हलणंही कमी होतं.

उन्हाळ्यात पहिला घोट चहासारखा का लागतो? नळीची आतली रुंदी साधारण ६ मिलिमीटर आणि लांबी मीटरभर. त्यात तीसेक मिली पाणी उघड्यावर तापत राहतं. पिऊन झालं की नळीत हलकेच फुंकून ते पाणी परत ब्लॅडरमध्ये ढकला. नळीवर फोमचं आवरण मिळतं, त्याने उशीर होतो, तापायचं थांबत नाही. बर्फ टाकायचा तर ब्लॅडर अर्धं भरून फ्रीजरमध्ये आडवं ठेवा, नळी काढून. पूर्ण भरून गोठवलं की फुगून शिवण उसवते.

नळी सहसा लांबच येते. उजव्या खांद्यावरून घेऊन छातीच्या पट्ट्याला चिमट्याने किंवा चुंबकाने लावा, मान थोडी खाली केली की तोंडात यायला हवी. जास्तीची ब्लेडने सरळ कापा, पण एकदम नाही, दोन-दोन सेंटिमीटर. लोंबती नळी घाणेरीच्या आणि करवंदीच्या जाळीत अडकते आणि चावायचं सिलिकॉनचं टोक (दातात दाबलं की पाणी सोडतं ते) तिथेच राहतं. एक जादा टोक सॅकमध्ये असू द्या, वजनाच्या मानाने पाहिलं तर सगळ्यात उपयोगी सुटा भाग तोच.

टोकाला झाकण आणि बंद करायची खिट्टी, दोन्ही हवं. झाकण चैन म्हणून नाही सांगत. गावाजवळच्या पायवाटेवर पुढच्या चाकाने उडालेला चिखल म्हणजे माती, शेण, गोमूत्र सगळं. पावसाळ्यात लेप्टोचा धोका असतो तो अशाच पाण्यातून. खिट्टी यासाठी की सॅक गाडीत टाकली, टोकावर दुसऱ्याचं हेल्मेट पडलं, तर दोन लिटर पाणी सीटवर.

नळी झटकन निघणारा सांधा असेल तर ब्लॅडर भरताना सगळी नळी उपसावी लागत नाही. त्या सांध्यातलं रबरी कडं कोरडं पडलं की गळतं. खाद्यवापराचं सिलिकॉन ग्रीस नखावर घेऊन चोळा. चेनचं तेल लावू नका. हे सांधे कंपनीगणिक वेगळे असतात, एकाची नळी दुसऱ्याच्या ब्लॅडरला बसेल असं धरून चालू नका.

गुळगुळीत टायर:

थोडा विरोधी सूर लावतो. घाट डांबरी असेल तर पाठीवर काहीही नको. दोन लिटर पाणी पाठीवर म्हणजे दोन किलो वजन खोगिराच्या वर, आणि पुढे वाकल्यावर त्याचा भार मनगटांवर आणि बैठकीवर येतो. तेच पाणी फ्रेमवर असेल तर खाली राहतं आणि पाठ उघडी. हँडलच्या मागे, स्टेमच्या (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या भागाच्या) बाजूला लटकणारी कापडी बाटलीपिशवी मिळते, ती फ्रेमला भोकं नसली तरी बसते. फ्रेमवर ६०० आणि तिथे ७५०, म्हणजे १,३५० मिली. आपल्याकडे घाटात चहाच्या टपऱ्या आहेतच. दोन-अडीच तासांच्या कच्च्या राइडलाही दीड लिटरची कमरेची पिशवी पुरे.

पाठकणा:

डांबरी रस्त्याला सहमत. कमरेच्या पिशवीला मात्र अटी आहेत. दीड लिटर पाणी आणि हत्यारं घातली की खडीवर ती घसरू नये म्हणून पट्टा इतका आवळावा लागतो की चढावर पोटाने श्वास घेता येत नाही. एक लिटरपर्यंत ठीक. स्टेमची पिशवी एस फ्रेमवर उभं राहून पेडल मारताना गुडघ्याला लागते का, ते आधी बघा.

आणि मूळ प्रश्नात उतारावर हात सोडता येत नाही असं लिहिलंय, तिथे बाटली कितीही जवळ असली तरी उपयोग नाही. ही वस्तू जन्मालाच त्या अडचणीतून आली. १९८९ साली टेक्सासमधल्या विचिटा फॉल्सच्या शंभर मैलांच्या उन्हाळी शर्यतीत मायकेल आयडसन या रुग्णवाहिकेवरच्या माणसाने सलाइनची पिशवी मोज्यात घालून जर्सीच्या पाठीला शिवली आणि नळी खांद्यावर कपड्यांच्या चिमट्याने अडकवली. त्यातून कॅमलबॅक ही हायड्रेशन सॅकची कंपनी उभी राहिली.

टेकडीवाली:

खूप उपयोगी, धन्यवाद. पाठीची लांबी मोजली, ३९ सेंटिमीटर. अजून तीन शंका. धावपटूंची बनियनसारखी व्हेस्ट कशी? ती लहान मापात सहज मिळते. दुसरं, पाठीच्या कण्याला संरक्षण देणाऱ्या सॅक असतात, त्यावर खर्च करावा का? आणि बुरशीबद्दल कुणीच सविस्तर बोललं नाही. नव्या ब्लॅडरच्या प्लास्टिकच्या वासाचंही सांगा.

पाठकणा:

व्हेस्ट उभ्याने धावण्यासाठी बेतलेली असते. सायकलवर वाकलं की पुढच्या खिशातल्या मऊ बाटल्या लोंबतात आणि छाती झाकली गेल्याने उकडतं. तिला कमरेचा पट्टा नसतो, वजन वर, खांद्यांच्या पात्यांमध्ये बसतं. खडबडीत उतारावर ती मानेकडे सरकते. पण दीड लिटर ब्लॅडर मागे, पुढे फक्त फोन आणि खाऊ, आणि राइड सपाट कच्च्या रस्त्याची असेल तर ती सॅकपेक्षा घट्ट बसते. तुमच्या तीन तासांच्या राइडला चालेल, पाच तासांच्या राइडला पंप आणि जॅकेट कुठे ठेवणार?

कणासंरक्षणाच्या सॅकला ईएन १६२१-२ हे मानक बघा. ते मुळात मोटारसायकलवाल्यांसाठीचं. चाचणीतल्या आघातातून पार होणारं सरासरी बल पहिल्या पातळीला १८ किलोन्यूटनपर्यंत, दुसऱ्या पातळीला ९ पर्यंत. नुसतं 'प्रोटेक्शन' लिहिलेला फोम म्हणजे गादी, संरक्षक नव्हे. खऱ्या संरक्षकाचं वजन आणि उष्णता दोन्ही वाढते, किंमत तुमच्या बजेटबाहेर जाते. मोठ्या उड्या आणि तीव्र उतार करणार नसाल तर तो पैसा चांगल्या हेल्मेटला आणि गुडघ्यांच्या पॅडला द्या.

त्याऐवजी फुकटचं संरक्षण असं: पंप, मल्टीटूल, कुलूप अशी टणक वस्तू कण्याच्या रेषेत उभी ठेवू नका. पाठ टेकून पडलात तर तीच आत घुसते. पाठीला लागून ब्लॅडर, त्याच्या बाहेर जॅकेट गुंडाळून, हत्यारं तळाशी बाजूला कापडात. पंप फ्रेमला बाटलीच्या शेजारी लावता आला तर उत्तम. तेवढंच पाठीवरचं ओझं कमी.

शेवाळ:

बुरशीचं मी घेतो, नावाला जागून.

प्लास्टिकचा वास नव्या ब्लॅडरला येतोच. १ लिटर कोमट पाण्यात २ चमचे खायचा सोडा विरघळवून भरा, खिट्टी उघडून नळीतही येऊ द्या, रात्रभर ठेवा. सकाळी खळबळून धुवा, मग अर्ध्या लिंबाचा रस घातलेल्या पाण्याने पुन्हा. एवढ्याने वास गेला नाही तर दोनदा करा. उकळतं पाणी कधीच नको, ही पिशवी बहुधा टीपीयूची (लवचीक प्लास्टिकची) असते, फार उष्णतेने जोड सैल होतात. हाताला सोसेल इतपतच.

बुरशी आधी पिशवीत धरत नाही. ती नळीत आणि चावायच्या टोकाच्या फटीत धरते, कारण तिथे पाणी अडकतं आणि तोंडातली लाळ जाते. म्हणून नुसती पिशवी वाळवून काही होत नाही. राइडहून आल्यावर टोक नळीतून उपसून काढा, साध्या पाण्याने धुवा, नळीचं एक टोक धरून गरगर फिरवा म्हणजे उरलेले थेंब उडतील. पिशवीत कपड्यांचा हँगर किंवा मोठा व्हिस्क घालून तोंड खाली करून टांगा. जुलैत पुण्याच्या हवेत हेही दोन दिवस ओलं राहतं, कोकणात तर विचारूच नका. माशांच्या टाकीला हवा सोडणारा छोटा पंप येतो, त्याची नळी ब्लॅडरच्या नळीत खुपसून रात्रभर चालू ठेवली की सकाळी सगळं खडखडीत.

नाहीतर फ्रीजर. धुऊन, पाणी झटकून, घडी करून पिशवीत घालून नळीसकट ठेवून द्या. गोठलेल्यात बुरशी वाढत नाही. मरत मात्र नाही, तेव्हा आधीच काळे ठिपके असतील तर फ्रीजर हा इलाज नव्हे. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा, कडक असताना घडी उलगडू नका.

काळे ठिपके दिसले तर साधं, वास न घातलेलं ५ टक्क्यांचं क्लोरीन ब्लीच, १ लिटर पाण्याला ४ मिली. इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा, अंदाजाने ओतू नका. नळीतून येऊ द्या, पंधरा मिनिटं ठेवा, मग चार-पाच वेळा धुऊन वाळवा. नळीला आतून घासायला लांब तारेचा ब्रश लागतो. ब्लीच आणि लिंबू किंवा व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. ठिपका नळीच्या भिंतीत मुरला असेल तर नळी बदला. ६ मिलिमीटर आतल्या मापाची, खाद्यवापराची सिलिकॉन नळी मीटरवर मिळते. हार्डवेअरच्या दुकानातली बागेची पारदर्शक नळी पिण्यासाठीची नसते.

सॅकचंही बघा. खारट घामाने पट्ट्यांचा फोम कडक होतो आणि झिपचा सरकता भाग गंजतो. थंड पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश. वॉशिंग मशीनमध्ये टाकलं तर आतलं पाणीरोधक लेपन सोलून पांढरे पापुद्रे पडतात. पावसाच्या आवरणावर विसंबू नका, मागच्या चाकाचा चिखल ते खालून आत घेतं. मागे लांब मडगार्ड लावा, फोन आणि पैसे झिपच्या प्लास्टिक पिशवीत.

टेकडीवाली:

शेवाळ, मस्तच. ब्लॅडरला भोक पडलं तर सायकलच्या पंक्चर किटने जोडता येतं का? सोबत तेच असतं.

नळीबाज:

नाही. नेहमीच्या ट्यूबचा पॅच आणि सोल्यूशन ब्यूटाइल रबरासाठी असतं, टीपीयूवर ते धरत नाही, बोटाने सोलून निघतं. नारिंगी रंगाच्या हलक्या टीपीयू ट्यूबसाठी वेगळा पॅच मिळतो, तो धरतो. फुगवून बादलीत बुडवा, बुडबुडा येतो तिथे पेनने गोल करा. कोरडं करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅच बाहेरच्या बाजूने दाबा, रात्रभर वजनाखाली ठेवा. भोक शिवणीवर किंवा नळीच्या सांध्याजवळ असेल तर नादी लागू नका, नवं घ्या. वाटेत फुटलं तर ब्लॅडर उलटं धरून भोक वरच्या बाजूला येतं का बघा, उरलेलं पाणी बाटलीत काढून घ्या आणि परत फिरा.

आणि सॅक घरी आणल्यावर पहिल्या राइडच्या आधी हे करा. ब्लॅडर पूर्ण भरा, खिट्टी बंद, वर्तमानपत्रावर आडवं ठेवा, वर पाच किलोची तांदळाची पिशवी. सकाळी कागद झाकणाशी ओला असेल तर आटे किंवा रबरी कडं बघा, टोकाशी असेल तर खिट्टी, कडेला असेल तर शिवण. शिवण गळत असेल तर बिल घेऊन त्याच दिवशी दुकानात जा.